त्यांचे यजमान रघुजी

त्रिविक्रम : अहल्याबाईंच्या पत्राला उत्तर दिलं नाही, हे मी कुठे नाकारतोय, अक्का? पण विसरलो म्हणून नाही. तेवीस दिवस ते माझ्या शब्दकोशात ठेवलेलं आहे.

कृष्णाबाई : कोशात कशाला?

त्रिविक्रम : 'य'च्या पानात.

कृष्णाबाई : म्हणजे कुणाला सापडू नये म्हणून. आणि ती अहल्या तिकडे शाळेत टपालवाल्याची वाट बघतेय. त्रिविक्रमा, तुझी सख्खी बहीण आहे म्हणून सांगते, हळदीकुंकवाला बायका तुझ्या मराठी मंडळाच्या पत्रकातली ती ओळ मोठ्यानं म्हणतात आणि पदरात हसतात. मला पहिल्या दिवशीच अनुमान आलं होतं.

त्रिविक्रम : अनुमान नव्हे, शंका. अनुमान म्हणजे शंका, हे कन्नडात. मराठीत अनुमान म्हणजे...

कृष्णाबाई : माझं बोलणं तेवढं लगेच दुरुस्त करतोस! स्वतःची ओळ दुरुस्त करायला तेवीस दिवस?

त्रिविक्रम : ओळ चुकलेली नाही. 'अहल्याबाईंचे आनेकल येथे मुलींच्या शिक्षणावर व्याख्यान झाले. त्यांचे यजमान रघुजी यांनी राहण्याजेवण्याची उत्तम सोय केली.' ज्याच्या घरी आपण पाहुणे, तो यजमान. कोशात आहे.

कृष्णाबाई : असेल कोशात. इथे बंगळुरात यजमान म्हणजे नवरा. नवरा गेलेल्या बाईला तू छापून नवरा दिलास, तोही रघुजी, त्या गोजराबाईचा नवरा!

त्रिविक्रम : हळू बोल. खिडकी उघडी आहे.

कृष्णाबाई : येलहंक्यापासून राजाजीनगरपर्यंत एकशेऐंशी घरांत पत्रक गेलं, आणि आता तुला खिडकीची काळजी? थांब, कडी वाजली.

त्रिविक्रम : अक्का, मी घरात नाही म्हणून सांग.

कृष्णाबाई : ये गं, अहल्या, ये. हा इथेच बसलाय. आत्ताच म्हणत होता, मी घरात नाही म्हणून.

अहल्या : बसायला वेळ नाही, अक्का. शेवटचे दोन तास दुसऱ्या बाईंना सोपवून आलेय. नमस्कार, अण्णा. माझं पत्र परत न्यायला आले.

त्रिविक्रम : परत?

अहल्या : उत्तर द्यायचं नसेल तर ते तुमच्याकडे कशाला राहू दे? परवा शनिवारी शाळेची कमिटी बसतेय. सेक्रेटरी शेषगिरींनी चिठ्ठी दिलीय, वर्तणुकीचा खुलासा करा. नाही पटला तर नोकरी जाईल. आणि राहते ती खोलीही शाळेचीच.

त्रिविक्रम : शेषगिरी शिकलेले गृहस्थ आहेत. आपल्यातलेच. त्यांना कळायला हवं की या वाक्यात...

अहल्या : त्यांची बायको रोज म्हणते, यजमान अजून जेवले नाहीत. त्या घरात तुमचा कोश कोण उघडणार, अण्णा?

कृष्णाबाई : मग रघुजी नि गोजराबाई येऊन सांगतील की.

अहल्या : गोजराबाई तयार आहेत. माझी परतीची बस चुकली तेव्हा त्यांनीच ठेवून घेतलं मला, स्वतःच्या खोलीत. पण शेषगिरी म्हणतात, घरच्या माणसांचं काय घेऊन बसायचं? ज्यानं छापलं त्यानं सांगावं. म्हणून तर तुम्हाला लिहिलं. एवढंच मागितलं होतं, पुढच्या अंकात दोन शब्द छापा. पुढचा अंक आला. त्यात गणपतीची वर्गणी होती, येलहंक्याचं कीर्तन होतं, कुणाच्या तरी हरवलेल्या छत्रीची बातमीसुद्धा होती.

त्रिविक्रम : मी लिहायला बसलो होतो. आठ वेळा.

कृष्णाबाई : ते या टोपलीत आहे. वाचू का? 'खुलासा. रघुजी हे अहल्याबाईंचे यजमान नव्हेत.'

त्रिविक्रम : ते टाकून दिलं. खोटं होतं ते. यजमान तर ते होतेच.

कृष्णाबाई : आणि हे? 'रघुजी हे अहल्याबाईंचे पती नसून केवळ यजमान आहेत.'

अहल्या : केवळ!

कृष्णाबाई : हसू नको गं. मलाही येतंय.

अहल्या : मी हसत नाही, अक्का.

त्रिविक्रम : म्हणूनच छापलं नाही, अहल्याबाई. खुलासा छापला की ज्यांनी वाचलं नव्हतं तेही जुना अंक शोधून काढतात. वाटलं, गप्प बसलं की लोक विसरतील.

अहल्या : तुमच्या गप्प बसण्याचाही अर्थ लागला. लोक म्हणाले, खोटं असतं तर त्रिविक्रमरावांनी तेव्हाच खोडून काढलं असतं. एका काना-मात्रेसाठी झोप न येणारा माणूस तो!

त्रिविक्रम : असं म्हणाले?

अहल्या : माझे यजमान जाऊन नऊ वर्षं झाली, अण्णा. विद्याधर त्यांचं नाव. माझ्या घरात त्या शब्दाचा एकच अर्थ आहे, आणि तो मी कुणाला वापरायला दिला नव्हता. द्या माझं पत्र.

त्रिविक्रम : देतो. त्याआधी एक ऐका. अक्का, तू आत जा.

कृष्णाबाई : मी कुठे जात नाही.

त्रिविक्रम : सरी, बरं. राहा. पत्रकाची स्टेन्सिल कापताना मला शंका आली होती. 'यजमान' लिहिलं आणि हात थांबला. 'ज्यांच्याकडे त्या उतरल्या होत्या' असं लिहायला हवं होतं. पण पानाच्या तळाला एकच ओळ उरली होती. आणि खरं सांगायचं तर जागेचंही कारण नव्हतं. शब्द शुद्ध होता. म्हटलं, ज्याला कळत नाही त्यानं शिकून घ्यावं.

अहल्या : म्हणजे तुम्हाला माहीत होतं.

त्रिविक्रम : होतं.

अहल्या : छापायच्या आधी.

त्रिविक्रम : आधी. आठही कागदांवर बाकी सगळं लिहून झालं, तेवढंच लिहिता आलं नाही.

अहल्या : मग तेवढंच लिहा.

त्रिविक्रम : लिहितो. पण ते शेषगिरींच्या तोंडून मंडळात जाईल. सेहेचाळीसपासून तेरा वर्षं मी हे पत्रक काढतोय. मुलांचं मराठी सुधारावं म्हणून लोक ते घरात जपून ठेवतात. संपादकानं जाणूनबुजून छापलं म्हटल्यावर कोण ठेवील? मला दुसरं येतं काय?

अहल्या : मलाही शिकवण्याखेरीज काही येत नाही, अण्णा.

कृष्णाबाई : हा टाक. ही शाई. आणि कोश मी उचलून ठेवला. लिही.

(टाकाची कुरकुर.)

अहल्या : वाचा.

त्रिविक्रम : 'आपल्या पत्राला उत्तर द्यायला मी तेवीस दिवस लावले, याची मला लाज वाटते. आनेकल येथे आपण रघुजी व गोजराबाई या दांपत्याच्या घरी पाहुण्या होता. यजमान हा शब्द माझा. त्याचा लोक काय अर्थ घेतील, हे छापण्यापूर्वीच माझ्या मनात आले होते, तरी मी तो ठेवला. दोष सर्वस्वी माझा आहे. हेच पुढच्या अंकात पहिल्या पानावर छापीन.'

अहल्या : पुढे?

त्रिविक्रम : पुढे सही. 'सर्वस्वी' जरा जड वाटतं का?

कृष्णाबाई : त्रिविक्रमा!

त्रिविक्रम : राहू दे. घ्या, अहल्याबाई.

अहल्या : माझ्या हातात नको. मी नेलं तर म्हणतील, समोर बसून लिहून घेतलं.

कृष्णाबाई : तसंच तर झालं.

अहल्या : म्हणून तर टपालाचा शिक्का हवा, अक्का. शाळेच्या पत्त्यावर पाठवा. तिथे आमची पत्रं आधी शेषगिरी फोडतात, मग आम्हाला देतात. एरवी मला त्याचा संताप येतो. हे खुशाल फोडू देत.

कृष्णाबाई : साडेतीनला कोपऱ्यावरची पेटी उघडतात. आत्ता टाकलं तर उद्या पोचेल. चला. आता का बसलास?

त्रिविक्रम : पाकिटावर अडलंय.

कृष्णाबाई : अय्यो, आता काय?

त्रिविक्रम : नावाच्या आधी काय लिहू? सौ. लिहिता येत नाही. गं. भा. लिहायला हात होत नाही. श्रीमती म्हणावं, तर कन्नडात लोक सवाष्ण समजतात आणि मराठीत नेमकं उलटं. पुन्हा काही अर्थ निघायला नको.

अहल्या : आठ कागद यापायीच फाडलेत?

त्रिविक्रम : तीन.

अहल्या : मी सांगणार नाही. तुमचं पत्र आहे, तुम्ही ठरवा. मी चपला घालते.

कृष्णाबाई : काय लिहायचं ते लिही आणि स्वल्प पाय उचल. मी आपली भिंत धरून येते. (तिघं कोपऱ्यावर येतात.) बघ, सायकल लावून पेटीशी उभाच आहे टपालवाला.

त्रिविक्रम : एकदा परत वाचून बघू का?

अहल्या : नको.

कृष्णाबाई : अरे, त्याच्या थैलीत टाक सरळ, तो थांबलाय.

त्रिविक्रम : पेटीतच टाकतो. हं. टाकलं.

कृष्णाबाई : सुटलास.

अहल्या : नावाच्या आधी काय लिहिलंत, अण्णा?

त्रिविक्रम : काही नाही. जागा पुष्कळ होती. तरी नुसतं नाव लिहिलं.