सोमवारच्या आधी

विश्रांतवाडीच्या दवाखान्यात नातवाला लस द्यायला आलेल्या आनंदीबाईंशेजारी एक तरुण जोडपं बसलं होतं. त्यांची तान्हुली भुकेने चिमणे ओठ चोखत होती.

"सलिल, दे इकडे, मी पाजते."

"सोमवारी रजा संपल्यावर कंपनीच्या बसमधून पाजणार आहेस का? सकाळी काढलेलं दूध दे, वाटी-चमचा दे. आणि तुझी ओढणी."

"ओढणी कशाला?"

"खांद्यावर घेतो. तुझा वास आला तर पिईल."

"अरे, लोक बघतायत!"

"फुकट आहे, बघू देत. तू दाराआड हो, तू दिसलीस तर चमच्याने प्यायची नाही."

चमचा वाटीत किणकिणत राहिला.

"वल्लरी, ये! सगळं प्यायली. अगं, रडतेस काय?"

"माझ्यावाचून प्यायली रे."

"तुझंच दूध प्यायली, वेडे. घे तिला, ढेकर तूच काढ. मला नाही जमत."