सावडायच्या दिवशीचं भाषण

मी मूळचा कवठे महांकाळकडचा. बाप मेंढरं राखायचा, मी पलटणीत भरती झालो आन् हवालदार होऊन घरी आलो. आमच्या भागातली निम्मी पोरं फौजेत, निम्मी गलाईला, म्हंजे परमुलखात जाऊन सोनं-चांदी गाळायच्या धंद्याला. माझा पुतण्या विलास तसाच गेला, लांब उत्तरंला, बायको सुनंदा आन् लेक संगं घिऊन. तिथल्या बाजारात बाँब फुटला, त्यात तो गेला. काय सांगू तुमास्नी, आणला तवा तोंड दावण्याजोगं बी न्हवतं.

सावडायला आमच्याकडं माइक लावत्यात. राख गोळा झाली की सरपंच, मास्तर, एकेक जण उठून श्रद्धांजली वाहतो. मला म्हणले आबा, तुमी फौजी, तुमी बोला. आन् मी बोललो, लय बोललो. म्हणलं ह्यात चूक आपलीच हाय, आपली संस्कृती सडली, आमाला हाटेल पायजे, बाजार पायजे, मौज पायजे, एकी न्हाई, जातीवरनं भांडतो, मग दुश्मन आत शिरणारच. माणसं माना हलवाय लागली तसा मला आनखी जोर चढला.

बाराव्याला सुनंदा चहा घिऊन आली. म्हणली आबा, ह्ये बाजारात पोरीची चप्पल बदलून आणायला गेलतं, तिला घट व्हायची. ती मौज व्हय? तुमी एवढं बोलला, बाँब ठेवणाऱ्याला एक शबुद बोलला न्हाईसा. मी म्हणलं आगं, देशाच्या भल्याचं बोललो. ती म्हणली, देशाच्या भल्याला माझाच धनी घावला व्हय? कप ठिवला आन् गेली.

मला राग आला, खोटं कशाला सांगू. पर मग इचार करत बसलो. पलटणीत एक गडी गस्तीवर सुरुंगानं गेला, तवाबी मी हेच म्हणलं हुतं, त्याचीच चूक, बघून चालला न्हाई. आसं म्हणलं की बरं वाटतं बघा. चूक आपली असली तर सुधारता येती, म्हंजे उद्याचं मरण आपल्या हातात हाय असं वाटतं. आवं, आपल्यात खोट हाय, मी न्हाई म्हणत न्हाई, ती आपुनच निस्तरायची. पर भावाभावात भांडण हाय म्हणून दरोडेखोराला घर जाळायचा हक्क मिळतो व्हय?

मग एक दिवस विलासची पोरगी शाळंतनं रडत आली. वर्गातला कोण तर म्हणला, तुझा बाप मौज कराय गेला म्हणून मेला, आमचा आजा सांगतो. त्या आजानं माझंच ऐकलेलं की.

वर्षसराद्धाला मी परत माइक मागितला. म्हणलं मी चुकीचं बोललो, विलासचा दोष न्हवता, दोष बाँब ठेवणाऱ्याचा. पर तवर माणसं पंगतीला बसल्याली, वाढप्यांचा गलका, बुंदी कुठंय, आमटी हिकडं आणा रं. सुनंदा तेवढी दारात उभी हुती. म्हणली आबा, तुमचं बोलणं पंगतीपतूर गेलं न्हाई.

म्हणून ह्ये समदं लिवून घ्यायला तुमास्नी बोलावलं. पयलं भाषण अजून गावाच्या तोंडात हाय, ते काय मला पुसता येत न्हाई. पर पोरीला आता जोडाक्षरं वाचाय येत्यात. तवा मोठ्या अक्षरात लिवा, आन् शेवटी एवढं घाला, बाळा, तुझ्या बापाची कायसुद्धा चूक न्हवती.