फादरांचा दहावा

रत्नागिरी स्टँड, २००२. राजापूर गाडीच्या रांगेत माझ्यापुढे दोन बायका.

"काकी, तुमच्या गावचे फादर गेले म्हणे?"

"गेले गो. परवा दहावा घातला आम्ही."

"फादरांचा? दहावा?"

"गावची विहीर त्यांनीच खणून दिली. स्वतः डोक्यावरून दगड वाहिले. असंच कसं सोडणार?"

"मग कावळा शिवला?"

"नाय ना! रस्ता पुरा करू म्हटलं, बालवाडी चालवू म्हटलं. फांदीवर बसून नुसता बघतोय."

"त्यांची इच्छा काय राहिली होती?"

"खालच्या वाडीला त्या विहिरीवर पाणी भरू द्या, म्हणायचे. शेवटपर्यंत तेच."

"मग तेवढा शब्द द्यायचा."

"कोण देणार?"

"म्हणजे पिंड तसाच राहिला?"

"तसा कसा ठेवणार गो? दर्भाचा कावळा केला नि शिववला."