नकाशावरून चालणारी मावशी

नकाशावर माणूस चालताना पाहिलंय कधी? मी पाहिलंय. पिंपळगावला हायवेवर नवा इंटरचेंज व्हायचाय, म्हणून गावकऱ्यांना आराखडा दाखवत होतो. गाड्यांना वळायला चार गोल लूप, अगदी फुलासारखे. मीच काढलेले, आणि मीच त्यांच्या प्रेमात.

द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये काम करणारी एक मावशी पुढे आली.

"लय भारी फूल काढलं, साहेब. मी रोज पायी हायवे ओलांडते."

तिनं नकाशात आपल्या घरावर बोट ठेवलं, बोटानंच अलगद निघाली आणि पहिल्याच लूपपाशी थांबली.

"आता पलीकडं कुठून जाऊ?"

गाड्यांसाठी सगळं होतं, चालणाऱ्यासाठी काहीच नव्हतं. मी पेन्सिल घेतली, तिच्या बोटापासून पादचारी पूल काढायला लागलो. पेन्सिलीमागून तिचं बोट चालू लागलं.

"जरा सावकाश, साहेब. माझे गुडघे दुखतात."