झोपेच्या गोळ्यांना मुंग्या

दातांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक आजोबा जुनं मासिक वाचत होते. त्यांच्या पलीकडे आजी, गालाला हात लावून.

"ऐक. गोळीत औषध नसलं तरी गुण येतो म्हणे. पेशंटला ते कळता कामा नये, एवढंच."

"कळलं तर?"

"तर नाही येणार."

"येतो."

"अगं, इथे छापलंय."

"छापू दे. माझ्या झोपेच्या गोळ्यांना वर्षभर मुंग्या लागतायत."

"कसल्या मुंग्या?"

"लाल. औषधाला मुंग्या लागलेल्या पाहिल्यायत कधी?"

"डॉक्टरच म्हणाले, यांना औषधाची गरज नाही, साखरेच्या गोळ्या द्या."

"मी कुठे काय म्हणतेय?"

"मग माहीत असून घेतेस कशाला?"

"झोप लागते."

"साखरेने?"

"गोळी संपेपर्यंत तुम्ही पाण्याचा पेला धरून उशाशी बसता. त्याआधी कधी बसला होतात?"

"तुला गिळायलाच इतका वेळ लागतो."

"गिळतंय कोण? चघळते."

आजोबांनी पान उलटलं.

"पुढे लिहिलंय, माहीत असूनही काहींना गुण येतो. का येतो, ते शास्त्रज्ञांना अजून नीट कळलेलं नाही."

"त्यांना कोण पाणी आणून देतंय."

आतून डॉक्टरांची मदतनीस एक्स-रे घेऊन आली.

"आजी, दाढ बरीच किडलीय. रात्री झोपताना गोड काही खाता का?"

"छे गं. हे देतात तेवढी झोपेची गोळी."