बुटक्या पोरीची रेघ

बायांनो, हसू नका, पण माझी झोप उडाली होती. कॉलेजात शिकणाऱ्या माझ्या नणंदेनं अभ्यासाचा आलेख काढताना कागदावर तिरपी रेघ ओढली अन् म्हणाली, "वहिनी, उंची वाढली की मजुरी बी वाढते. रेघ तसंच सांगते."

माझी छकुली तर अंगणवाडीत सगळ्यात बुटकी! दोन दिवस मी तिला दाराच्या चौकटीला उभी करून मोजत राहिले. शेवटी नणंदेला विचारलंच, "मी तुह्या दादापेक्षा उंच हाय. दोघं जातो एकाच वावरात कामाले. मंग मजुरी त्यायले जास्त काऊन?"

"बायांची रेघ वेगळी असते, वहिनी. माणसांच्या रेघेखाली."

"मंग आता उंच करू कोणाले बाई, पोरीले का बायांच्या रेघेले?"