आत्ताच झालं आमचं

...आणि खुर्च्या तरी किती बुटक्या असाव्यात, तुम्हाला सांगते, चार वर्षांच्या मुलांच्या खुर्च्या त्या, त्यात आम्ही वीस आईबाप गुडघे हनुवटीला टेकवून बसलेलो, आणि शिबिराचा विषय काय, तर 'मनातले भेदभाव कसे ओळखावेत'. असल्या खुर्चीत माणसाला फक्त स्वतःचं पोट ओळखता येतं. पण मी गेले. नुसती गेले नाही, पहिल्या रांगेत बसले, वही घेऊन. कारण या बाबतीत मी फार जागरूक आहे हो. लेकीला पहिली बाहुली आणली तीसुद्धा मुद्दाम सावळी. तिने ती तिसऱ्या दिवशी पलंगाखाली भिरकावली, तो भाग वेगळा... पण आणली ना? आता मी तशी आहे का, तुम्हीच सांगा.

तर वर्गाच्या बाई उभ्या राहिल्या. आवाज इतका मऊ की ऐकूनच मी पाठ ताठ केली. "वेगळ्या बोलीच्या, वेगळ्या चालीरीतींच्या लोकांशी घरी कसं वागतात, असं मी मुलांना विचारलं होतं. ती जे बोलली ते जसंच्या तसं चिठ्ठ्यांवर उतरवलंय. नावं काही मी सांगणार नाही." आणि खोका उघडला.

पहिली चिठ्ठी. "बाबा म्हणतात, मागच्या गल्लीतली माणसं फार ओरडून बोलतात." त्यावर कोपऱ्यातले एक बाबा "आमच्याकडची नाही हं ही" असं इतकं ओरडून म्हणाले की कुणाकडची ते सगळ्यांना कळलं. मी मनसोक्त हसले. वहीत टिपूनसुद्धा घेतलं.

मग दुसरी. "समोरच्या काकूंनी खाऊ आणला तर नको म्हणायचं नाही. आत्ताच झालं आमचं, असं म्हणायचं. मग त्यांना वाईट वाटत नाही."

मागून एक आजोबा पुटपुटले, "काय एकेका घरचे संस्कार." आणि सगळ्यात आधी च्च च्च कुणी केलं असेल? मी. वर मान हलवून म्हणाले, "मुलांच्या कानावर असं पडूच कसं देतात लोक?" वाक्य पूर्ण बाहेर पडलं... आणि मग आठवलं.

आमच्या समोरच्या दारात तीन महिन्यांपूर्वी एक कुटुंब राहायला आलं. बोली वेगळी, पेहराव वेगळा, देव वेगळा. काकू दुसऱ्याच दिवशी झाकलेली ताटली घेऊन दारात उभ्या. मी काय म्हणाले? "अय्या, कशाला त्रास घेतलात, आत्ताच झालं आमचं." संध्याकाळचे पावणेसहा. काय झालं होतं हो आमचं पावणेसहाला? हातात अर्धा चिरलेला कांदा होता. त्या चार वेळा आल्या आणि चारही वेळा आमचं झालेलं. म्हणजे तसं काही नाही हं, तेल कुठलं वापरतात काय माहीत, लेकीच्या पोटाची काळजी, बाकी काही नाही. त्याच लेकीने त्याच आठवड्यात लिफ्टचं बटण चाटलं होतं. पण आता मी तशी आहे का?

आणि काकू कुठे होत्या म्हणता? माझ्या शेजारच्या खुर्चीत. त्यांची मुलगी याच वर्गात, माझ्या लेकीची सख्खी मैत्रीण. शांतपणे म्हणाल्या, "बरोबर आहे. आमच्या मजल्यावर कोणाला भूकच लागत नाही. मला वाटलं, इकडचं पाणीच जड असेल."

वर्ग हसला. मीही हसले, जरा मागाहून. तर माझ्याकडे वळून हळूच म्हणतात कशा, "ताई, चेहरा उतरलाय तुमचा. काही खाल्लंत का? माझ्या पिशवीत आहे थोडं." आणि माझं तोंड, तुम्हाला सांगते, माझं तोंड मला न विचारता म्हणालं, "नाही नाही, आत्ताच झालं."

पायाखालची जमीन सरकते म्हणतात ना, तेवढी बुटकी खुर्ची असली की सरकायलाही फार जागा नसते.

सगळे गेल्यावर मी बाईंना गाठलं. म्हटलं, "ती खाऊची चिठ्ठी आमची आहे. लपवण्यात अर्थ नाही." बाईंनी त्यांची नावांची वही चाळली. "नाही हो. ती तुमची नाही." खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. म्हणजे हेच वाक्य, शब्दाला शब्द, आणखी एका घरात आहे. किती हलकं वाटावं माणसाला, आणि कशामुळे वाटावं... तेवढ्यात बाई म्हणाल्या, "तुमची मी वाचलीच नाही. सगळ्यांसमोर बरं वाटेना."

चिठ्ठी हातात दिली. "आई सगळ्यांशी गोड बोलते. मग दार लावते. मग खरं बोलते."

घरी कशी पोचले ते मलाच ठाऊक नाही. ह्यांनी विचारलं, "कसं झालं शिबिर?" मी तोंड उघडलं, तोच लेक धावत गेली, टाचा उंचावून तिने दार लावलं, कडी नीट बसली का पाहिलं, आणि माझ्यासमोर मांडी घालून बसली. "हं आई. आता बोल."

आज आठवडा झाला. दार उघडंच ठेवते. आणि उघड्या दारात बोलता येईल असं माझ्याकडे काही निघतच नाहीये हो. घर अगदी शांत. हे मात्र खूश आहेत. म्हणतात, शिबिर दर महिन्याला ठेवायला सांग.